बी. कॉम. नंतर वकील न होता कोर्टाच्या क्षेत्रात काम करायचे आहे, पण 'नुसता कारकून' होऊन राहायचे नाही. पॅरालीगलचा, म्हणजे वकिलाच्या कायदेशीर कामातल्या मदतनिसाचा, डिप्लोमा करावा का?

डिप्लोमा करू नये. मी गेली 24 वर्षे एका दिवाणी वकिलांकडे कारकून आहे आणि असा डिप्लोमा पाहून आमच्या कोर्टाच्या आवारात कोणी कोणाला कामावर ठेवल्याचे मला आठवत नाही. बार कौन्सिलची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, वकिलाला मिळते. पॅरालीगलची सनद आपल्याकडे नाही. गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक असतात, पण त्यांना मानधन मिळते, पगार नव्हे.

तुमचे 'नुसता कारकून' हे शब्द मात्र मला लागले. आमचे थोरले बंधू दर गणपतीत हेच ऐकवतात की, एलएल. बी. केली असतीस तर काळा कोट घालून उभा राहिला असतास, आता दुसऱ्याच्या फायली वाहतोस.

2011 च्या जानेवारीत आमच्या एका पक्षकार बाईंचा वाटपाचा दावा फेटाळला गेला. अपील वगैरे काही नको, असे म्हणून त्या डोळे पुसत एस. टी. स्टँडकडे निघून गेल्या आणि साहेबांनीही, म्हणजे आमच्या वकिलांनीही, फाईल बांधून ठेवायला सांगितली. मी मात्र त्याच दिवशी, नक्कल विभाग बंद होण्यापूर्वी, निकालाच्या आणि हुकूमनाम्याच्या (निकालावरून निघणाऱ्या न्यायालयाच्या औपचारिक आदेशाच्या) नकलेसाठी अर्ज दिला व पैसे पदरचे भरले. साहेब त्यावर रागावलेही. जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत 30 दिवसांची असते आणि नक्कल मिळण्यास लागलेले दिवस मुदत कायद्याच्या कलम 12 प्रमाणे त्यातून वगळले जातात. परंतु हुकूमनामा तयार होण्यात अर्जापूर्वी गेलेले दिवस वगळले जात नाहीत, त्यामुळे अर्ज जितका उशिरा तितके आपले नुकसान. नक्कल 22 दिवसांनी तयार झाली. बाई मुलाला घेऊन परत आल्या तो निकालानंतरचा 47 वा दिवस होता आणि 49 व्या दिवशी, म्हणजे 30 अधिक ते 22 दिवस धरून मुदतीतच, आम्ही अपील दाखल केले. समोरच्या वकिलांनी मुदतीची हरकत घेतली, तेव्हा साहेबांनी नकलेच्या मागचा जांभळा शिक्का दाखवला: अर्ज केल्याची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख, दिल्याची तारीख. हरकत तिथेच संपली. तो अर्ज नसता, तर विलंबमाफीसाठी हात जोडत बसावे लागले असते. पुढे अपिलात तडजोड होऊन बाईंना जमीन मिळाली. त्या वेळी कोट घातलेले तीन वकील न्यायालयात हजर होते, पण नकलेचा अर्ज या कारकुनाने दिला होता, हे मी बंधूंना अनेकदा सांगितले आहे. त्यांना त्यातले काही कळत नाही, कारण त्यांनी आयुष्य बँकेत काढले.

तुमच्यापुरते सांगायचे तर मिनिटाला मराठी 30 आणि इंग्रजी 40 शब्दांची टंकलेखनाची प्रमाणपत्रे आधी मिळवा. जिल्हा न्यायालयांतील कनिष्ठ लिपिकाच्या भरतीत त्यांच्याशिवाय निभाव लागत नाही. डिसेंबर 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील जिल्हा न्यायालयांसाठी 4629 पदांची जाहिरात काढली होती. त्यांत कनिष्ठ लिपिकाची 2795 आणि लघुलेखकाची 568 पदे होती. लघुलेखन शिकण्याची चिकाटी असेल तर तोच मार्ग धरा. मिनिटाला इंग्रजी 100 आणि मराठी 80 शब्दांचा वेग मेहनतीने येतो आणि त्या वेगाचा माणूस सहसा रिकामा बसत नाही. जाहिरात निघेपर्यंत एखाद्या दिवाणी वकिलाकडे सहा महिने बसा. समन्स बेलिफाकडून (ते पोचवणाऱ्या न्यायालयाच्या कर्मचाऱ्याकडून) बजावून कसे घ्यायचे, दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, कुठे अडते, ई-फायलिंग कोणत्या त्रुटीमुळे परत येते, हे कोणत्याही वर्गात शिकवत नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. वकिलाच्या कारकुनाला निवृत्तिवेतन नाही, भविष्यनिर्वाह निधी बहुधा नाही आणि पगार साहेबांच्या मर्जीवर असतो. मला पहिली नऊ वर्षे दिवाळीची पगारवाढ मागावी लागली. घर तुमच्या एकट्याच्या कमाईवर चालणार असेल, तर सरकारी लिपिकाचीच परीक्षा द्या. एवढ्या एका मुद्द्यावर बंधूंचे म्हणणे मला मान्य आहे, फक्त ते मी अजून त्यांच्यासमोर बोललेलो नाही.