वाचकांचे प्रश्न : घोड्यांच्या ट्रेलरसाठी जुनी पिकअप

प्रश्न : डिचोली तालुक्यात आमची लहानशी पागा आहे. दोन मारवाडी घोड्या आहेत, त्यांतील एक आम्ही सारंगखेड्याच्या बाजारातून आणली. शिगम्याच्या मिरवणुका, लग्नाच्या वराती आणि वर्षातून तीन-चार वेळा बेळगाव, एवढा त्यांचा प्रवास असतो. आजवर भाड्याचा टेम्पो घेत होतो. आता दोन घोड्यांचा ट्रेलर आणि तो ओढायला जुनी पिकअप घेण्याचा विचार आहे. पिकअपसाठी नऊ लाख रुपये बाजूला ठेवले आहेत. २०१७ सालची एक इसुझू व्ही-क्रॉस आणि एक बोलेरो कॅम्पर पाहून ठेवली आहे. व्ही-क्रॉसचा मालक म्हणतो, ‘तीन टन सहज ओढते, काळजी नको.’ यावर कितपत विश्वास ठेवावा?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : ओढेल, यात शंका नाही, परंतु आपण विचारायचा प्रश्न तो नव्हे. बेळगावच्या वाटेवरील चोर्ल्याच्या घाटातून उतरताना मागे दोन जिवंत जनावरे असलेला ट्रेलर ती गाडी थांबवू शकेल का, आणि तिची चासी हे काम पुढची पाच वर्षे सोसेल का, हे दोन प्रश्न खरे. म्हणून आधी गाडी पसंत करून मग तिच्या जोगता ट्रेलर शोधण्याऐवजी आधी ट्रेलरचे वजन ठरवावे आणि त्या वजनावरून गाडीकडे यावे, असे माझे मत आहे.

तर वजनापासून सुरुवात करू. मारवाडी घोडी साधारण साडेतीनशे ते साडेचारशे किलोंची असते; आपण सरासरी ४०० किलो धरू. दोन घोड्यांचा, छत आणि मधली आडकाठी असलेला लोखंडी ट्रेलर रिकामा असताना नऊशे किलोंच्या आसपास जातो, आणि गावातील फॅब्रिकेटरने हात सैल सोडून जाड पत्रा वापरला तर त्याहूनही जड होतो. घोडा दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी पितो, ते पाणी, चारा, खोगीर आणि इतर सामान मिळून आणखी शंभर किलो. म्हणजे मागे १,८०० किलो आणि पुढे माणसांसह पिकअपचे साधारण २,००० किलो, अशी एकूण ३,८०० किलोंची जोडगाडी आपण घाटात नेणार आहात. हे सगळे अंदाज आहेत. ट्रेलर तयार झाल्यावर तो रिकामा आणि भरलेला असा दोन्ही वेळा वजनकाट्यावर घालून खरा आकडा लिहून ठेवावा.

आता घाटाचा हिशेब पाहू. दर दहा मीटरला एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ही जोडगाडी मागे खेचणारे बल सुमारे ३८० किलोंचे असते, आणि ताशी ३५ किलोमीटर वेगाने ती वर न्यायला पन्नासेक अश्वशक्ती लागते. (घोड्यांची वाहतूक करताना हे एकक वापरावे लागते, याची गंमत मला दर वेळी वाटते.) व्ही-क्रॉसच्या २.५ लिटर डिझेल इंजिनाची शक्ती १३४ अश्वशक्ती आणि टॉर्क ३२० न्यूटन मीटर आहे. म्हणजे चढताना तिच्याजवळ पुरेशी शिल्लक राहते. कॅम्परचे इंजिन सत्तरीच्या आसपास अश्वशक्तीचे. तेही वर नेईल, पण बहुतेक वेळ खालच्या गिअरमध्ये, धापा टाकत आणि रेडिएटरची परीक्षा पाहत.

उताराचे गणित मात्र निराळे आहे. हीच जोडगाडी शंभर मीटर उंची उतरते तेव्हा जी ऊर्जा मुरवावी लागते, ती सुमारे बारा लिटर पाणी उकळीस आणायला पुरेल इतकी असते. ही उष्णता कुठे जाणार? काही भाग इंजिनाच्या अवरोधात, बाकीचा ब्रेकच्या लायनरमध्ये आणि ड्रममध्ये. म्हणून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे ही माझ्या दृष्टीने वाटाघाटीची गोष्टच नाही. ते दोन प्रकारचे मिळतात. एकात पिकअपने ब्रेक लावला की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्या रेट्यानेच त्याचे ब्रेक लागतात. दुसऱ्यात विजेवर चालणारे ब्रेक असतात आणि त्यांचे नियंत्रण चालकाजवळ असते. पहिला प्रकार स्वस्त आणि बिघाडाला कमी, परंतु लांब उतारावर ट्रेलर सतत रेटत राहिल्याने तोही तापतो. त्यामुळे घाटाचा प्रवास ठरलेलाच असेल तर मी दुसऱ्याची शिफारस करीन. कोणताही घेतला तरी हिच (ट्रेलर गाडीला जोडणारा मागचा सांधा) निसटल्यास ट्रेलरचे ब्रेक आपोआप लावणारी तार आणि सुरक्षेची साखळी, दोन्ही हवीतच.

‘तीन टन’ हा आकडा मालकाने कुठून आणला असेल, याचाही अंदाज करता येतो. व्ही-क्रॉस ही इसुझूच्या डी-मॅक्स पिकअपचाच एक प्रकार; परदेशात विकल्या जाणाऱ्या डी-मॅक्सच्या काही प्रकारांना ब्रेक असलेला साडेतीन टनांचा ट्रेलर ओढण्याची मान्यता आहे. तो आकडा तिथल्या प्रकाराचा, तिथल्या हिचचा आणि तिथल्या नियमांचा आहे. आपल्या गाडीसाठी त्याच गाडीच्या पुस्तिकेत काय छापले आहे तेवढेच ग्राह्य धरावे, आणि पुस्तिका गप्प असेल तर कंपनीकडून लेखी उत्तर मागवावे. त्याखेरीज एक जुना ठोकताळा मी पाळतो : भरलेल्या ट्रेलरचे वजन ओढणाऱ्या गाडीच्या रिकाम्या वजनापेक्षा अधिक नसावे, आणि नवख्या चालकाने त्याच्या ८५ टक्क्यांवर थांबावे. या हिशेबाने व्ही-क्रॉस आपल्या १,८०० किलोंसाठी अगदी काठावर येते आणि कॅम्पर काठाच्या पलीकडे.

आणखी एक वजन बहुतेकजण विसरतात, ते म्हणजे ट्रेलरचे नाक हिचवर जेवढा भार टाकते तो. हा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे इथे सुमारे १८० किलो असावा. फारच कमी असेल तर ट्रेलर मागून शेपटीसारखा डोलू लागतो.  हिच आणि बॉल (हिचवरचा, ट्रेलरचे नाक ज्यावर बसते तो गोळा) यांवर कोरलेली मर्यादा या भाराहून अधिक आहे ना, हे पाहावे. हे १८० किलो पिकअपच्या हौद्यात टाकल्यासारखेच असतात आणि तेही मागच्या चाकांच्या पाठीमागे. त्यामुळे मागचे पाटे बसतात, पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल लागते. जुन्या गाडीचे पाटे आधीच सपाट झालेले असतील तर हा दोष दुणावतो. एकच घोडी नेताना ती रस्त्याच्या मधल्या बाजूला, म्हणजे उजवीकडे उभी करावी, कारण आपले रस्ते डाव्या कडेला उतरते असतात.

आता गाडी तपासण्याविषयी सविस्तर लिहितो, कारण गोव्यात जुनी पिकअप घेताना खरी मेख इथेच असते. आपल्याकडच्या पिकअप तीन ठिकाणी राबतात : खाणीवर, बांधकामावर आणि मासळीच्या धंद्यात. यांपैकी तिसरी सर्वांत घातक. बर्फाचे आणि मासळीचे खारट पाणी हौद्याच्या सांध्यांतून वर्षानुवर्षे चासीवर ठिबकत राहते, आणि वरून चकचकीत रंग असलेल्या गाडीची चासी आतून पोखरलेली निघते. काही वर्षांपूर्वी मी स्वतः अशी एक पिकअप घेतली होती. मालकाने ती ‘घरगुती वापराची’ म्हणून सांगितली होती. पहिल्या पावसाळ्यात हौदा उचलला तेव्हा मागच्या शॅकलजवळच्या (पाटे चासीला जिथे टांगलेले असतात तिथल्या) चासीत माझा स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत गेला. तेव्हापासून मी गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय विसार देत नाही. लहान हातोडीने चासी ठोकत जावे : निरोगी लोखंड खणखणते, गंजलेले बद्द वाजते. नुकताच मारलेला काळा जाड रंग किंवा अंडरकोटिंग दिसले तर संशय कमी न होता वाढला पाहिजे. हिच मागच्या आडव्या पट्टीजवळ चासीला बोल्ट होणार आहे, त्यामुळे नेमका तोच भाग अधिक काळजीने पाहावा. तिथे वेल्डिंगची ठिगळे असतील तर ती गाडी घोड्यांच्या कामाची नव्हे, मग किंमत कितीही उतरो.

खाणीवरची गाडी ओळखायला पायाखालचे मॅट उचलावे आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. लाल धूळ धुतली तरी त्या कोपऱ्यांतून जात नाही. अशा गाडीचे इंजिन टिकले असेलही, पण बुश, बॉल जॉइंट, चाकांची बेअरिंग आणि टर्बो यांचा खर्च गृहीत धरून सौदा करावा.

गाडीने याआधी काही ओढले आहे का, हेही विचारावे, आणि उत्तर ऐकून घेऊन स्वतः शोधावे. चासीत जुनी भोके, मागच्या दिव्यांच्या वायरला टेपने मारलेले जोड, मागच्या ड्रमवर खोल चरे, डिफरन्शियलच्या तेलात चमचमणारी धातूची कणी ही त्याची खूण. क्लचची परीक्षा सोपी आहे : मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाने चौथ्या गिअरमध्ये एकदम पूर्ण ॲक्सिलरेटर द्यावा, इंजिनाचे फेरे वाढले आणि वेग मात्र तसाच राहिला तर क्लच सरकतो आहे. टायरच्या बाजूवरील चार अंकी खूण वाचावी. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांहून जुना टायर, नक्षी कितीही खोल दिसली तरी, मी घोड्यांच्या गाडीला ठेवणार नाही.

शेवटी प्रत्यक्ष चाचणी. हौद्यात सिमेंटच्या पन्नास किलोंच्या काही गोण्या घालाव्यात, किती घालायच्या ते गाडीच्या मान्य भारावरून ठरवावे, आणि साखळी-केरीमार्गे चोर्ल्याच्या घाटात जावे. वर जाताना तापमानाच्या काट्याकडे लक्ष ठेवावे, मध्येच चढावर थांबून पुन्हा निघून पाहावे, आणि उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये उतरावे. खाली आल्यावर चाकांजवळ जळका वास येतो का, ब्रेकचे पेडल मऊ झाले का, हे पाहावे. मालक अशा चाचणीला नकार देत असेल तर तोच आपला निर्णय समजावा.

कायद्याची बाजूही या निवडीला चिकटलेली आहे. मोटार वाहन कायद्यातील ‘माल’ या शब्दाच्या व्याख्येत जनावरेही येतात, आणि आपण वरातीचे पैसे घेता. त्यामुळे खासगी पांढऱ्या पाटीची गाडी चालेल असे परस्पर ठरवू नये, आरटीओ कार्यालयात लेखी विचारावे. पिवळ्या पाटीच्या, म्हणजे व्यावसायिक, गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. २०१७ ची गाडी त्या रेषेपलीकडे गेली आहे. ट्रेलर हे कायद्याने स्वतंत्र वाहन आहे, त्याची नोंदणी आणि विमा वेगळा. प्रत्येक घोड्याला किमान २.२५ चौरस मीटर जागा द्यावी लागते, हे फॅब्रिकेटरला काम देण्यापूर्वीच सांगावे. १९७८ च्या जनावर वाहतूक नियमांनुसार घोडे नेणाऱ्या वाहनाचा वेग ताशी ३५ किलोमीटरपेक्षा अधिक नसावा, आणि निघण्यापूर्वी पशुवैद्यकाचा दाखला हवा. मागे हॉर्न वाजवणाऱ्यांना वाजवू द्यावे.

एकंदरीत, या दोन गाड्यांपैकी चासी सुदृढ निघाली तर व्ही-क्रॉस घ्यावी, कॅम्पर घेऊ नये. ट्रेलर हलक्या बांधणीचा आणि विजेच्या ब्रेकचा करून घ्यावा. गोव्यातील मिरवणुका आणि वराती यांसाठी ही जोडी उत्तम चालेल. बेळगावच्या तीन-चार खेपांना मात्र एका वेळी एकच घोडी न्यावी, किंवा दोन्ही न्यायच्या असतील तर पूर्वीप्रमाणे भाड्याची गाडी करावी; तेवढ्यासाठी याहून मोठी पिकअप घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

प्रश्न : घोड्याचा ट्रेलर ओढण्यासाठी फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी) असणे आवश्यक आहे का? मला एक टू-व्हील ड्राइव्ह पिकअप बऱ्याच कमी किमतीत मिळते आहे.
– एक वाचक, पेडणे

उत्तर : डांबरी रस्त्यावर नाही. प्रश्न येतो तो रस्ता सोडल्यावर. शिगम्याची मिरवणूक रस्त्यावर असते, परंतु ट्रेलर उभा करायचा तो शेतात, मंदिराच्या मागच्या मैदानात किंवा पागेच्या कच्च्या वाटेवर. आणि पावसात भिजलेल्या जांभ्या दगडाच्या मातीवर टू-व्हील ड्राइव्ह पिकअपची मागची चाके जागच्या जागी फिरतात. फोर बाय फोरचा दुसरा, कमी बोलला जाणारा फायदा म्हणजे लो रेंज, अर्थात अगदी संथ चालीचे जादा गिअर : ट्रेलर मागे घेताना गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते आणि क्लच जळत नाही. आपली पागा डांबरी रस्त्याला लागून असेल आणि पावसाळ्यात घोडे बाहेर निघत नसतील तर वाचलेले पैसे ट्रेलरच्या ब्रेकवर घालावेत. फोर बाय फोर घेतलीच तर कोरड्या डांबरावर ती टू-व्हीलमध्येच चालवावी. अशा गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांच्या फिरण्यातील फरक सामावून घेणारी सोय बहुधा नसते आणि ताण गिअरपेटीवर येतो.

प्रश्न : सावंतवाडीतील एक पिकअप पसंत आहे. पाटी एमएच ०७ ची आहे आणि गाडीवर बँकेचे कर्ज होते असे कळते. कोणते कागद पाहावेत?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : प्रथम परिवहन विभागाच्या ऑनलाइन नोंदीत कर्जाची नोंद, विमा, फिटनेस आणि थकलेली चलने पाहावीत. कर्ज फिटले असेल तर बँकेचे पत्र आणि नमुना ३५ वर (कर्जाची नोंद उतरवण्याचा अर्ज) बँकेची सही मागावी. ही नोंद उतरल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. राज्य बदलत असल्याने नमुना २८ वरील ना-हरकत प्रमाणपत्र मूळ आरटीओकडून विक्रेत्यानेच आणून द्यावे, आणि मालकी बदलण्याच्या नमुना २९ व ३० वर दोघांच्या सह्या व्हाव्यात. दुसऱ्या राज्यातील गाडी बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ इथे ठेवल्यास गोव्याचा क्रमांक घ्यावा लागतो आणि इथला रस्ता कर भरावा लागतो, ती रक्कम सौदा करतानाच किमतीत धरावी. हिच आधीपासून बसवलेला असेल तर तो नोंदणी प्रमाणपत्रावर चढवला आहे का, हेही त्याच भेटीत विचारून घ्यावे.