सांबा शेअरवर एकाने सेव्ह केलेली फाइल दुसऱ्याला रीड-ओन्ली का उघडते?

तुमचा सेटअप असा दिसतो: लातूरला क्लासच्या ऑफिसात एक उबुंटू (लिनक्स) मशीन, त्यावर सांबाचा (लिनक्सवरचं फोल्डर नेटवर्कवरून बाकीच्या मशीनना देणारा प्रोग्राम) शेअर, त्याला जोडलेले काही विंडोज पीसी आणि एक मॅक. मॅडमनी प्रश्नपत्रिका सेव्ह केली की सरांना ती रीड-ओन्ली उघडते. रात्री सगळ्यावर ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) मारलं तरी दुसऱ्या दिवशी परत तेच.

आधी ते ७७७ बंद करा भाऊ. ते मारताना ज्या फाइली आहेत त्यांनाच लागतं, आणि वर्ड तर जुन्या फाइलीत लिहीतच नाही. बाजूला टेम्पररी फाइल करून सगळं तिच्यात लिहितं, मग तिला जुनं नाव देतं. म्हणजे दर सेव्हला फाइल नवी, मालक सेव्ह करणारा. त्यात सांबाचा क्रिएट मास्क (नव्या फाइलीला जास्तीत जास्त कोणत्या परवानग्या मिळतील ते ठरवणारी सेटिंग) आपण काही लिहिलं नाही तर ०७४४ असतो. तो ग्रुपची लिहिण्याची परवानगी (राइट) कापतो. म्हणून मॅडमनी सेव्ह केलं की सर बाहेर.

उपाय ग्रुपचा. एक ग्रुप करून सगळ्यांना त्यात घाला, फोल्डरचा ग्रुप तोच करा. मग फोल्डरांना २७७५ आणि फाइलींना ६६४ (मालक आणि ग्रुप लिहू शकतात, बाकीचे फक्त वाचतात) असं वेगवेगळं द्या, फाइंड कमांडने टाइप निवडून. सरसकट एकच आकडा दिला की वर्डच्या फाइलीही एक्झिक्युटेबल होऊन बसतात. २७७५ च्या सुरुवातीचा २ म्हणजे सेटजीआयडी: आत जे बनेल त्याला फोल्डरचाच ग्रुप लागतो.

एसएमबी डॉट कॉन्फमध्ये (सांबाची सेटिंगची फाइल) त्या शेअरखाली फोर्स ग्रुपला तो ग्रुप, क्रिएट मास्क आणि फोर्स क्रिएट मोड ०६६४, डिरेक्टरी मास्क आणि फोर्स डिरेक्टरी मोड २७७५. टेस्टपार्म (ती फाइल तपासणारी कमांड) चालवा, सर्व्हिस रिस्टार्ट करा, विंडोजवाल्यांना एकदा साइन आउट करायला लावा. तिथं इन्हेरिट परमिशन्स येस असेल तर काढा, नसता हे मास्क सांबा बघणारच नाही.

फोर्स यूजर टाकून सगळ्या फाइली एकाच्या नावावर करणं सोपं आहे, पण मग पेपर कोणी बदलला हे मालकावरून कळत नाही. पेपरांच्या कामात मी ते करणार नाही.

मॅक एनएफएसने (नेटवर्कवरून फाइली देण्याची दुसरी पद्धत) जोडला असेल तर तोही सांबावर आणा. साध्या एनएफएस ३ मध्ये यूजरचं नाव जात नाही, नंबर जातो. मॅकवरचा पहिला यूजर ५०१, उबुंटूवरचा १०००. सर्व्हरला ५०१ म्हणजे कोणीतरी भलताच.

आणि डेटा एक्सफॅट फॉरमॅटच्या यूएसबी डिस्कवर असेल तर वरचं काहीच टिकत नाही. एक्सफॅटमध्ये मालक साठवायची जागाच नसते. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणती डिस्क कुठं जोडायची ती यादी) माउंट करताना यूआयडी-जीआयडी (यूजर आणि ग्रुपचे नंबर) द्याल तेच सगळ्या फाइलींना लागतं. डेटा दुसरीकडे काढून डिस्क एक्सटी४ (लिनक्सचा फॉरमॅट) करा. लाइट जाऊन आल्यावर शेअर रिकामा दिसला, तर परमिशनच्या मागे लागू नका, आधी डिस्क माउंट झाली का ते बघा.