आजीच्या ट्रंकेत परकराची पांढरी लेस सापडली. हाताची की मशीनची, कसं ओळखावं? पिवळी पडलीय, काय करू?

आधी दोऱ्याचं टोक शोधा. हाताचा क्रोशा, म्हणजे आकडीच्या सुईनं विणलेली लेस, असेल तर शेवटची गाठ सोडून टोक ओढलं की टाके सरसर उसवत मागं जातात. दोन टाके उसवून बघा, पुढं जाऊ नका! खरा क्रोशा विणणारं मशीन अजून बाजारात आलेलं नाही. दुकानात मीटरवर मिळणारी ‘जीपीओ’ लेस म्हणजे मशीनचं भरतकाम. ते झालं की खालचं कापड विरघळवून टाकतात. भिंगातून त्यात नागमोडी टाके एकावर एक चढलेले दिसतात. क्रोशात एकच दोरा साखळी करत पुढं जाताना दिसतो.

आमच्या अंबाजोगाईच्या घरी मावशी दुपारी ओट्यावर लिंबाच्या सावलीला विणत बसायची. दोऱ्याचा गुंडा तांब्यात टाकलेला, म्हणजे लोळत मातीत जायचा नाही. तोंडानं टाक्यांची नावं पुटपुटणं चालू: साखळी, मुका खांब, खांब. मधेच बोललं की, “गप माय, सोळा झालेत!” माठावर झाकायच्या जाळीला ती कडेनं काचेचे मणी ओवायची. ते शोभेसाठी असतात असं मला वाटायचं. खरं तर वाऱ्यानं जाळी उडू नये म्हणून ते वजन.

लेसच्या घराण्यात क्रोशा तसा धाकटा, आणि गरिबाघरचा. व्हेनिसची सुईची लेस आणि फ्लँडर्समध्ये (आजच्या बेल्जियमकडं) लाकडी फिरक्यांवर गुंफलेली लेस १६व्या शतकातली, राजेरजवाड्यांच्या गळ्यातली. १८०९ मध्ये इंग्लंडात जॉन हिथकोटनं जाळी विणणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. १८१६ मध्ये जमावानं त्याच्या कारखान्यातली ५५ यंत्रं फोडली. क्रोशाला मात्र भाव आला तो १८४५ नंतरच्या आयर्लंडच्या दुष्काळात. शेतात बटाटा सडला, तेव्हा बायकांनी आकडी हातात घेऊन घरं चालवली. मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्या देशात आंध्रातल्या नरसापूरला ही कला मिशनऱ्यांनी रुजवली, तिथं बायका अजून घरोघरी विणतात.

पिवळेपणाचं म्हणाल तर ब्लीच अजिबात नको, दोरा कुजतो. कोमट पाण्यात साधा साबण घालून रात्रभर भिजवा, पिळू नका. टॉवेलवर पसरून बोटांनी आकार द्या आणि सावलीत वाळवा. दोरीवर टांगली की ओल्या वजनानं ताणते. कडक हवी असेल तर साबुदाण्याची पातळ खळ द्या. ठेवताना घडी घालू नका, नळकांड्यावर गुंडाळा.

परकर विरला असेल तर लेस उसवून नव्याला लावा. मावशीची एक लेस आमच्याकडं सध्या तिसऱ्या परकरावर आहे.