वाचकांचे प्रश्न : रेषेबाहेर गेलेला खेळाडू

प्रश्न : शालेय बास्केटबॉल सामन्यात माझ्या मुलीने बाहेर जाणारा चेंडू उडी मारून तळहाताने आत ढकलला, ती बाहेर पडली आणि परत येऊन तिनेच तो उचलला. पंचांनी शिट्टी वाजवली नाही. हे बरोबर होते का?

उत्तर : होय, पंचांचा निर्णय योग्यच होता. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या म्हणजे फिबाच्या नियमांनुसार मैदान २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असते आणि सीमारेषा त्याचा भाग नसते, त्यामुळे बुटाचे टोक रेषेला टेकले तरी खेळाडू बाहेर गेला असे मानतात. मात्र हवेतील खेळाडूचे स्थान तिचा पाय शेवटी जिथे जमिनीला लागला होता त्यावरून ठरते. तुमच्या मुलीने आतून उडी घेतली आणि बाहेर पाय टेकण्यापूर्वीच चेंडू परत ढकलला, म्हणून तो बाहेर गेलाच नाही. ती उडीच्या वेगामुळे बाहेर गेली होती, मुद्दाम नव्हे. त्यामुळे दोन्ही पाय आत टेकवून तिने चेंडू पुन्हा घेण्यातही काही गैर नाही. म्हणूनच अशा क्षणी पंचांची नजर चेंडूइतकीच पावलांवर असावी लागते.

मुद्दाम बाहेर जाणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. प्रतिस्पर्ध्यांची भिंत टाळण्यासाठी बेसलाइनच्या (बास्केटमागच्या सीमारेषेच्या) बाहेरून धावणे अमेरिकेतील शालेय नियमांत उल्लंघन ठरते आणि चेंडू प्रतिस्पर्ध्यांना मिळतो. वेगामुळे बाहेर गेलेल्या खेळाडूला असा दंड करणे मला अन्यायाचे वाटते.