वाचकांचे प्रश्न : करपा न येणारं टोमॅटोचं बियाणं

प्रश्न : धुकं पडलं की आमच्या टोमॅटोवर करपा येतो. 'जनुक बदललेलं, करपा न येणारं' बियाणं दुप्पट दराने मिळतंय. घ्यावं का? (शिरोळ, जि. कोल्हापूर)

उत्तर : घेऊ नका. आपल्या देशात कायदेशीरपणे विकलं जाणारं जनुकांतरित बियाणं २००२ पासून बीटी कापसाचंच आहे, भाजीपाल्यात एकही नाही. २०१० मध्ये स्थगित झालेलं बीटी वांगंसुद्धा अळीसाठी होतं, बुरशीसाठी नव्हे.

आधी करपा कोणता ते बघा. खालच्या जुन्या पानांवर वर्तुळात वर्तुळं असलेले ठिपके म्हणजे लवकर येणारा करपा. पाणी मुरल्यासारखे काळपट डाग आणि सकाळी पानाखाली पांढुरकी वाढ दिसली तर उशिरा येणारा, फायटोप्थोरा नावाच्या रोगजंतूचा. ही खरी बुरशी नव्हेच, म्हणून कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकावरचा खर्च वाया जातो.

याच रोगासाठी मेक्सिकोतल्या जंगली बटाट्याचं आरबी जनुक अॅग्रोबॅक्टेरियम जिवाणूमार्फत लागवडीच्या बटाट्यात घातलं गेलं. या जनुकामुळे झाडाने रोगाचं एक प्रथिन ओळखलं की तिथल्या पेशी स्वतःच मरतात आणि रोग तिथंच अडतो. पण रोगाने ते प्रथिन बदललं की एकटं जनुक आंधळं होतं. म्हणूनच युगांडात तीन जनुकं एकत्र घातलेल्या बटाट्याच्या चाचण्या झाल्या.

टोमॅटोत उशिरा येणारा करपा रोखणारी पीएच-२ आणि पीएच-३ ही जनुकं जंगली टोमॅटोतून साध्या संकरानेच आली आहेत. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या 'अर्का अभेद'मध्ये दोन्ही आहेत. दुकानात हेच मागा. तरी फवारणी सोडू नका : धुक्याचा अंदाज येताच मॅन्कोझेब १० लिटरला २५ ग्रॅम, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला साधारण ३७. डाग दिसले तर सायमोक्झॅनिल-मॅन्कोझेब मिश्रण १० लिटरला ३० ग्रॅम, पानाखालून. तोडणीआधी किती दिवस थांबायचं ते लेबलवर बघा. मेटॅलॅक्झिल हे औषध सलग मारलं की त्याला न जुमानणारा रोगच उरतो. तुषारऐवजी ठिबक वापरा, पानं ओली राहिली की औषधही हरतं.

प्रश्न : जनुक संपादित टोमॅटो तरी येणार का? (हातकणंगले)

उत्तर : संपादित म्हणजे झाडाच्या स्वतःच्याच जनुकात बदल केलेलं. बाहेरचं जनुक नसलेल्या अशा वाणांना मार्च २०२२ पासून नियमांत सूट आहे. एमएलओ जनुक बंद करून भुरीला न बळी पडणारा टोमॅटो प्रयोगशाळेत २०१७ मध्येच झाला. मात्र तो भुरीपुरता, करप्यावर त्याचा उपयोग नाही.