मनगटी पट्टा करायचाय? आधी बाथरूमची कडी बघ

पहिल्याच प्रोजेक्टला अपस्माराचा, म्हणजे फिट्सचा, विषय घेतलास, छान. पण ‘सगळे झटके ओळखणारा पट्टा’ हे ध्येय आजच खोडून टाक. हालचाल मोजणाऱ्या सेन्सरला अंग आखडून हिसके देणारा मोठा झटकाच नीट दिसतो. काही सेकंद नुसती नजर हरवते तो प्रकार त्याला कळतच नाही. 2018 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) एम्ब्रेस नावाच्या अशाच पट्ट्याला मान्यता दिली, तीही मोठ्या झटक्यांपुरतीच.

सुरुवातीला एवढं सांभाळ:

- खोटे इशारे मोज. माझा पहिला पट्टा आरतीच्या टाळ्यांनाही बोंबलायचा. वापरणाऱ्या ताईंनी चौथ्या दिवशी तो कपाटात टाकला!
- ‘मी ठीक आहे’ असं बटण ठेव. इशारा कुणाला जावा, हे वापरणाऱ्यालाच ठरवू दे. पंचविशीतल्या मुलीला आईच्या फोनवर चोवीस तास लोकेशन नको असतं.
- संदेशात कृती लिही: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटं उलटली तर 108. कांदा-चप्पल हुंगवणारे अजून भेटतात.

नवखे हमखास चुकतात ते चाचणीत. स्वतःचाच हात हलवून ‘चालतंय’ म्हणतात. आधी न्यूरॉलॉजिस्टशी आणि दोन-तीन घरांशी बोल. गोळ्या मात्र कुणालाही थांबवायला लावू नकोस.

आणि हो, बाथरूमची कडी: आत झटका आला तर मदतीला जाता यावं म्हणून बाहेर उघडणारं दार, बाहेरूनही काढता येणारी कडी. याला चार्जिंग लागत नाही. मशीन लर्निंगचं नंतर बघू.