राउटरलाच छोटा सर्व्हर करायचाय? आधी वॅट बघा

गुहागरहून एक होमस्टेवाले विचारतात: बुकिंगची बिलं, फोटो, पाहुण्यांसाठी पिक्चर हे सगळं जुन्या डेस्कटॉपवर आहे आणि तो चोवीस तास चालू असतो. हे काम राउटर करेल का?

करेल, आणि लवकर करून टाका. जुना डेस्कटॉप नुसता बसून राहिला तरी ६० वॅटच्या आसपास खातो, म्हणजे वर्षाला सव्वापाचशे युनिट, आणि यूएसबी पोर्टवाला बरा राउटर ८-१० वॅटमध्ये भागवतो म्हणजे वर्षाला ७० ते ९० युनिट. पण आपल्याकडे बिल हा नंतरचा मुद्दा. जून लागला, माडाची झावळी तारेवर पडली आणि लाईट गेली की तुमचा डबा किती वेळ तग धरतो हे खरं महत्त्वाचं. मिनी यूपीएसवर, म्हणजे लाईट गेल्यावर राउटर चालवणाऱ्या छोट्या बॅटरीवर, १०,००० एमएएच लिहिलेलं असतं ना, ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं असतं, म्हणजे झाले ३७ वॅट-अवर, त्यातले १२ व्होल्टला चढवताना थोडे वाया जातात, हातात ३० धरा. राउटर ८ वॅट आणि फायबरचा ओएनटी (फायबरची केबल जिथे येते तो कंपनीचा डबा) ७ वॅट, दोन्ही मिळून दोन तास. ओएनटीला यूपीएसवर घ्यायला लोक विसरतात आणि मग राउटर चालू असून नेट नाही म्हणून वैतागतात.

घेताना ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे राउटरवर टाकायचं मोफत सॉफ्टवेअर, चालतं का ते बघा, म्हणजे कंपनीने अपडेट बंद केले तरी अडत नाही. रॅम ५१२ एमबी तरी हवी, १ जीबी असेल तर उत्तम. आणि खोक्यावरच्या मॉडेलच्या नावावर जाऊ नका, खालच्या स्टिकरवर व्ही१, व्ही२, व्ही३ असं काय लिहिलंय ते वाचा, कारण नाव तेच ठेवून आतली चिप बदललेली असते आणि मग ओपनडब्ल्यूआरटी चढतच नाही. डिस्क एसएसडीच लावा, फिरणारी हार्डडिस्क सुरू होताना जास्त करंट ओढते आणि राउटरचा यूएसबी पोर्ट तेवढा देईलच असं नाही.

रत्नागिरीहून: चार कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग पण त्याच राउटरवर घेऊ का?

नको. एक कॅमेरा २ एमबीपीएस धरला तरी चार मिळून दिवसाला ८६ जीबी होतात, आणि तेही सतत लिहिणं. त्यासाठी एनव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा, वेगळाच ठेवा.

देवगडहून एक बागायतदार: मुलगा मुंबईला असतो, त्याला पेट्यांचा हिशोब तिथून बघायचाय. पोर्ट फॉरवर्ड केलं, म्हणजे राउटरमध्ये बाहेरून आत यायची वाट उघडली, पण काही उघडत नाही.

राउटरमध्ये लॉगिन करून वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, आयपी पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच बाहेरचा पत्ता कंपनीने बऱ्याच गिऱ्हाइकांत वाटलाय, मग पोर्ट फॉरवर्ड कितीही करा, बाहेरून कोणी तुमच्यापर्यंत पोचणार नाही. टेलस्केल टाका, घरच्या राउटरवर आणि मुलाच्या फोनवर, ते दोघांना खाजगी जाळ्यात जोडतं, काम होतं. फक्त त्याला जागा लागते, १६ एमबी फ्लॅशच्या (राउटरच्या आतल्या साठवणीच्या) स्वस्त राउटरमध्ये ते बसवायला मारामारी होते, म्हणून १२८ एमबीवालाच घ्या. नुसतं वायरगार्ड (असंच जोडणारं दुसरं सॉफ्टवेअर) हलकं आहे पण त्याला एका टोकाला तरी बाहेरून दिसणारा पत्ता लागतो. आणि हिशोबाची फाईल राउटरच्या डिस्कवर एकटी ठेवू नका, सीझनचे सगळे व्यवहार त्यात आहेत, दुसरी कॉपी मुलाकडे रोज जाऊ दे.

श्रीवर्धनहून: वळवाच्या पावसात वीज कडाडली की लॅन पोर्ट जळतात, दोनदा झालं. नेट तर फायबरचं आहे, मग असं का?

फायबरच्या काचेतून करंट येत नाही हो, पण तुम्ही लिहिलंय की घरातून मागच्या खोल्यांपर्यंत लॅनची वायर उघड्यावरून नेलीय. ती तांब्याची. जवळपास वीज पडली की तिच्यात झटका उठतो आणि दोन्हीकडचे पोर्ट जातात. तेवढ्या अंतरातही फायबर टाका, दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅनची वायर जोडणारे छोटे डबे) लावा, ते काही महाग नसतात. पण धातूची तार नसलेलं फायबर मागा, काही केबलमध्ये आधाराला तार असते. दुसरं टोक प्लगचं, तिकडूनही झटका येतो, घराचं अर्थिंग तपासून घ्या. चिऱ्याच्या भिंतीतून वायफाय जेमतेम जातं त्यामुळे मागच्या खोल्यांत वेगळा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारा डबा, लागेलच. राउटर पडवीत नको, खारी हवा पोर्टच्या पिना खाते, आतल्या खोलीत उंचावर ठेवा.

मालवणहून: रास्पबेरी पाय ४ हा एका बोर्डाचा छोटा कॉम्प्युटर पडून आहे, त्याचाच राउटर करू?

त्याला लॅन पोर्ट एकच आणि वायफायही तोकडं. राउटर वेगळा ठेवून पाय मागे सर्व्हर म्हणून लावा, तिथे तो फार छान चालतो, आणि वॅटही कमीच खातो. एसडी कार्डवर मात्र भरवसा नको, लिहिता लिहिता लाईट गेली की कार्ड खराब होतं, एसएसडीवरून बूट करा. आणि त्याला ५ व्होल्ट लागतात, १२ व्होल्टची पिन चुकूनही लावू नका, मिनी यूपीएस घेताना ५ व्होल्ट ३ अँपिअरचं आउटपुट आहे का ते बघून घ्या.